सगळ्यांचे अहो

गॅरेजचं दार वर सरकलं की आधी जवसाच्या तेलाचा वास येतो. मेलबर्नच्या टोकाला, आमच्या पॉइंट कुकला समुद्रावरून येणारं वारं बारा महिने असतं, दोरीवरचा टॉवेल शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकतं. पण गॅरेजमधला तो वास त्याला अजून हलवता आलेला नाही. काल शनिवारी दुपारी डेक्लनचे बूट आणायला मी आत गेले आणि बूट हातात धरून तशीच उभी राहिले. भिंतीला टेकून हर्लिंगच्या काठ्या उभ्या होत्या. काहींच्या पात्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली, काहींच्या मुठीवरचं कापड सुटून लोंबणारं. त्यांच्याकडे बघताना वाटलं, ही कुणाची तरी वाट बघत थांबलेली माणसं आहेत, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

हर्लिंग हा आयर्लंडचा खेळ. हॉकीसारखी काठी, पण पुढचं पातं तळहाताएवढं रुंद; आणि चेंडू जमिनीवर कमी, हवेत जास्त. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ही मारामारी चालली आहे आणि तिच्यात कुणाचा तरी चेंडू हरवला आहे. डेक्लन हा खेळ आपल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून खेळला, आणि पुढे मेलबर्नमध्ये एका टीमचा मॅनेजर झाला. तो माझा नवरा. गेली काही वर्षं तो थोडं थोडं विसरत होता. या हिवाळ्यात मला विसरला.

शुक्रवारी नर्सिंग होममधून फोन आला. एक खोली रिकामी झाली आहे. ती कशी रिकामी झाली हे मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी तिथल्या बाई पुन्हा फोन करतील, तेव्हा हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर खोली दुसऱ्या कुणाला जाईल आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी. फोनवरची बाई फार मऊ आवाजात बोलत होती. एवढ्या मऊपणाची मला भीती वाटली.

तो दिवस आणि काल दुपारपर्यंत मी घरात नुसती फिरत होते. ज्या वस्तूला हात लावावा तिथून एक जुना ऋतू बाहेर पडत होता.

मी मिरजेहून इथे ग्रंथालयशास्त्र शिकायला आले आणि शिकून झाल्यावर शहराच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या वाचनालयात नोकरीला लागले. एका दुपारी बांधकामाच्या साइटवरून थेट आलेला एक माणूस काउंटरपाशी उभा राहिला. बुटांवर सिमेंट, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. त्याला नोटिसबोर्डावर एक कागद लावायचा होता. वाचल्याशिवाय कागद लावू द्यायचा नाही असा नियम होता, म्हणून मी वाचला. ‘हर्लिंग टीमसाठी खेळाडू हवेत. अनुभवाची गरज नाही. दात स्वतःचे असल्यास उत्तम.’

मी हसले. वाचनालयात मी मोठ्याने हसण्याची ती पहिलीच वेळ असावी.

“हसलात म्हणजे लावता येईल ना?” त्याने विचारलं.

“शेवटचं वाक्य काढावं लागेल.”

“तेवढंच तर खरं आहे,” तो म्हणाला. “अनुभवाची गरज असतेच. पण तसं लिहिलं तर कोण येणार?”

कागद मी तसाच लावला. पुढच्या शनिवारी मॅच बघायला मीच गेले.

त्याचं गाव मी पुढे पाहिलं, पण त्याच्या कितीतरी आधी ते मला ऐकून माहीत झालं होतं. गावात दुधाच्या डेअरीची एक मोठी दगडी भिंत होती. शाळा सुटली की डेक्लन तिच्यासमोर उभा राहून चेंडू मारायचा. चेंडू भिंतीवर आपटून परत यायचा, तो पुन्हा मारायचा, उजेड जाईपर्यंत. चेंडू कातड्याचा. पावसात भिजून जड व्हायचा, मग भिंतीवरचा आवाज बदलायचा. तो आवाज डेक्लन मला तोंडाने काढून दाखवायचा. कोरडा आवाज वेगळा, ओला वेगळा. दुधाचे रिकामे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आईने खिडकीतून मारलेली हाक, आणि त्या हाकेला न दिलेलं उत्तर. आमच्या घरी आम्ही अशा संध्याकाळी पुष्कळ ऐकल्या. आयर्लंडला गेल्यावर ती भिंत मला प्रत्यक्ष बघायला मिळाली. चेंडू लागून लागून एका जागेचा दगड गुळगुळीत झाला होता. मी त्याच्यावर हात ठेवला तर डेक्लन लाजला. आपलं बाळपणीचं अंगडं कुणी हातात घेतल्यावर माणूस लाजतो तसा.

काउंटीची जर्सी त्याने काही वर्षं घातली. तो कोपऱ्यातला बॅक होता, गोलजवळ बचाव करणारा. या जागेवर खेळणाऱ्याला कुणी ओळखत नाही. तो म्हणायचा, “माझं काम एवढंच, की माझ्या समोरच्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येता कामा नये.” एका वर्षी त्यांची टीम फायनलला गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या समोरच्या माणसाचं नाव पेपरात आलं.

याच्यापुढे तो त्या मॅचबद्दल काही सांगायचा नाही, आणि मी विचारलं नाही. तो सांगायचा ते परतीच्या बसबद्दल. हरलेल्या टीमसाठीसुद्धा गावागावांत माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईने खिडकीतून सँडविचचं पुडकं आत दिलं आणि मागे सरली. बसमध्ये ओल्या लोकरीचा, मलमाचा आणि त्या सँडविचमधल्या कांद्याचा वास भरून राहिला होता. कुणी एक घास खाल्ला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात डेक्लन एका वर्षासाठी म्हणून ऑस्ट्रेलियात आला. आपली मुलंही वर्षा-दोन वर्षांसाठीच येतात.

इथे तो आधी खेळला. मग गुडघा गेला आणि तो रेषेच्या बाहेर येऊन उभा राहिला, पाठीवर आयरिश भाषेत ‘मॅनेजर’ लिहिलेली पिवळी बंडी घालून. मला तो त्या बंडीतच जास्त आठवतो. मॅच सुरू होण्याआधी गवताची चिमूट उपटून वर उडवायचा आणि वाऱ्याकडे बघायचा. वारा आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. पॉइंट कुकला तो कधी नसतो? तरी तो बघायचा. त्याची टीम म्हणजे सुतार, प्लंबर, नर्स झालेले दोन भाऊ, बँकेतला एक अबोल मुलगा, आणि कुणीतरी ओढून आणलेले ऑस्ट्रेलियन, ज्यांना चेंडू पायाने मारायचा मोह आवरत नसे. मैदान क्रिकेटवाल्यांचं. मधल्या खेळपट्टीभोवती दोरी बांधलेली असायची आणि तिच्यात पाय अडकून दर मॅचला कुणीतरी पडायचं.

मलाही तिथे एक काम होतं. हर्लिंगमध्ये काठ्या मोडतात. एका मॅचमध्ये दोन, कधी चार. मोडली की खेळाडू हात वर करतो आणि रेषेबाहेरून कुणीतरी नवी काठी घेऊन आत धावायचं. ती धावणारी मी. आयुष्यात कधी खेळ न खेळलेली, शाळेत पळण्याच्या शर्यतीच्या वेळी वर्गात पुस्तक घेऊन बसणारी मी, काठ्यांचा भारा उराशी धरून रेषेवर उभी असायचे. प्रत्येकाची काठी वेगळी. कुणाला लांब लागते, कुणाला जड, कुणाला मूठ बारीक लागते. पुस्तकं लावायची सवय असल्यामुळे मला ते चटकन जमलं. काठ्यांच्या वरच्या टोकाला मी देवनागरीत नावं लिहायचे, म्हणजे दुसऱ्या टीमचे लोक चुकून उचलत नसत. एकदा आयर्लंडहून आलेल्या एका वयस्क पाहुण्यांनी काठी हातात घेऊन ते अक्षर निरखलं आणि गहिवरून म्हणाले, “आपली जुनी लिपी! अजून कुणीतरी जपतंय.” डेक्लनने त्यांना काही सांगितलं नाही. मलाही डोळ्यांनी गप्प केलं.

लग्नानंतर आम्ही महिनाभर मिरजेला गेलो. आई वडिलांना नावाने हाक मारत नाही हे डेक्लनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्याला वाटलं, माझ्या वडिलांचं नावच ‘अहो’ आहे. मग शेजारच्या काकूंनीही काकांना अहो म्हणून हाक मारली, समोरच्या दुकानदारालाही त्याच्या बायकोने. संध्याकाळी तो मला हळूच म्हणाला, “तुमच्या गल्लीत सगळ्या पुरुषांचं नाव एकच आहे.” मी त्याला समजावून सांगितलं, की बायको नवऱ्याला अशी हाक मारते, नाव घेत नाही. तो म्हणाला, “मलाही हवं ते.”

आधी मी गमतीने म्हणायचे, मग सवय झाली. बोलणं इंग्रजीत, हाक मात्र अहो. एका मॅचला रेफरीशी वाद घालायला तो आत निघाला तेव्हा मी रेषेवरून जीव खाऊन ओरडले, “अहो!” आणि तो थांबला. ज्याला पंधरा आयरिश माणसं थांबवू शकत नव्हती, तो दोन अक्षरांत थांबला, हे टीमने पाहिलं. पुढच्या शनिवारपासून सगळी टीम त्याला अहो म्हणायला लागली. त्यांना वाटलं, ही कसली तरी पदवी आहे. मी अर्थ सांगितला नाही. डेक्लनला माहीत होता, आणि तो त्या नावाला असा ओ द्यायचा की जणू बारशातच ठेवलं होतं.

मग निखिल आला. नाशिकचा, इथे शिकायला आलेला, जवळच टार्निटला चार मुलांत एक घर भाड्याने घेऊन राहणारा. त्याच्या कामावरच्या एका प्लंबरने त्याला टीममध्ये माणूस कमी होता म्हणून ओढून आणलं. पहिल्या दिवशी वॉर्म-अप सोडून तो माझ्याकडे आला. “ताई, तुम्ही मराठी ना? एक विचारू? हे लोक मॅनेजरला काय म्हणतायत?”

“अहो.”

“तेच ऐकू आलं मला! वाटलं कान गेले.” त्याने मागे वळून बघितलं. “तो सहा फुटी गोलकीपर ओरडतोय, अहो, आय नीड अ ब्रेक! माझी आई बाबांना असं म्हणते, ताई. भाजी काय करू विचारताना.”

“मग तू काय म्हणणार?”

“मी सर म्हणेन. मला लग्न करायचंय अजून.”

तो सरच म्हणायचा. डेक्लन त्याला शिकवताना गुडघा धरून खाली बसायचा आणि ओरडायचा, “तू अजून क्रिकेट खेळतोयस! आउट व्हायची भीती काढून टाक. इथे कुणी आउट होत नाही.” निखिलला ते समजायला एक अख्खा मोसम लागला. समजलं त्या दिवशी त्याने डोक्यावरून जाणारा चेंडू पंज्याने हवेतच पकडला, आणि पकडल्यावर घाबरून उभाच राहिला. डेक्लन इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं.

हाफटाइमला बाकीच्या टीम संत्र्याच्या फोडी खायच्या. आमच्याकडे संत्रीही असत आणि माझं लिंबाचं सरबतही, मीठ जरा जास्त घातलेलं. मुलं त्याला औषध म्हणत आणि दोन-दोन ग्लास पीत. आई मिरजेहून जवसाची चटणी पाठवायची. डेक्लनने पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा खाण्याआधी नाक आत घातलं आणि म्हणाला, “हा तर काठ्यांचा वास आहे.” काठी तडकू नये म्हणून तिला जवसाचं तेल लावतात, त्याच्या गावी मोसमाच्या आधी घराघरांतून तोच वास येत असे. त्या दिवसापासून त्याच्या पानात चटणी कायमची आली. आमची लेक इरा झाली तेव्हा आई इथे येऊन राहिली. एका दुपारी मी घरी आले तर डेक्लन सोफ्यावर पाय पसरून बसलेला, आणि आई खाली बसून त्याचा गुडघा चोळतेय.

“जावईबापूंचा गुडघा बघ केवढा सुजलाय,” ती म्हणाली. “गॅरेजात जवसाचं तेल सापडलं. चांगलं घसघशीत चोळलंय.”

“आई, ते काठ्यांचं तेल आहे!”

“असू दे. लाकडाला चालतं ते हाडाला चालत नाही होय?”

डेक्लनने डोळे मिटलेलेच ठेवले. “तिला थांबवू नकोस,” तो मला म्हणाला. “या मोसमात मी तडकणार नाही.”

आई आता नाही. ती गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. तिच्या मागे मी सगळं रीतसर केलं. इथे राहून जेवढं करता येतं तेवढं केलं. कुणाला कळवायचं, काय शिजवायचं, कुठल्या दिवशी काय, हे मला फोनवरून लोकांनी सांगितलं, आणि त्या सांगण्याचा आधार झाला. डेक्लनच्या बाबतीत मला कुणी काही सांगू शकत नाही. समोर बसलेल्या, चहा पिणाऱ्या, दाढी केलेल्या माणसाचं सुतक कसं पाळायचं? दिवस कुठून मोजायचे? तो कधी गेला हेच मला माहीत नाही. एका सकाळी तो इथे होता आणि दुसऱ्या सकाळी त्याने मला विचारलं, “मिसेस कुठे गेल्या आहेत?”

डॉक्टर त्याच्या खेळण्याबद्दल विचारतात. डोक्याला किती वेळा लागलं, तेव्हा हेल्मेट घालत होता का. मी उत्तरं देते. पण त्या उत्तरांचं काय करायचं ते मला समजत नाही. त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलाला मी घरात बोलावून घेऊ शकत नाही.

जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत, एके दिवशी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर गेले. परत आले तर दार आतून बंद. मी बेल वाजवली. काचेपलीकडे तो उभा होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. नको म्हणून. घरोघर फिरून काहीतरी विकणाऱ्यांना आपण काचेतून सांगतो तसं. मी अंगात पातळ स्वेटर आणि पायांत सपाता घालून उभी होते. “अहो,” मी म्हणाले. “अहो, मी आहे. दार उघडा.” मराठीत म्हणाले, इंग्रजीत म्हणाले. आमच्या लेकीचं नाव घेतलं. त्याच्या आईचं नाव घेतलं. तो घाबरला. त्याने पडदा ओढला.

शेजारणीने तिचा फोन दिला, मी निखिलला बोलावलं. तो टार्निटहून येईपर्यंत मी गॅरेजच्या बंद दाराशी उभी होते. निखिल आता चाळिशीकडे आलेला, दोन मुलांचा बाप. डेक्लननंतर टीमचा मॅनेजरही तोच झाला. त्याने गाडी रस्त्यातच सोडली, दारापाशी गेला, आणि ज्याला कधी सरशिवाय दुसरं काही म्हणाला नव्हता त्याला त्याने मैदानावर ओरडतात तशी हाक मारली. “अहो! चला, बस सुटतेय!”

दार लगेच उघडलं. डेक्लन बूट घालून तयार होता.

तीच हाक. माझ्या तोंडून ती त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. निखिल माझ्याकडे बघत नव्हता. “सॉरी ताई,” एवढंच तो म्हणाला, आणि डेक्लनला गाडीत बसवून कॉलनीला एक चक्कर मारून घेऊन आला.

इरा सिडनीला, स्कोफिल्ड्सला असते. शुक्रवारी खोलीबद्दल तिला फोनवर सांगितलं. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत. असं आमचं पहिल्यापासून.

“आई, से येस. प्लीज.”

“आपल्या माणसाला असं कुठेतरी नेऊन ठेवायचं?”

“यू आर नॉट स्लीपिंग. यू आर नॉट ईटिंग. डॅड वुडन्ट वॉन्ट धिस.”

“तुझ्या डॅडला काय हवं असतं ते तुला काय माहीत?”

“डू यू?” तिने विचारलं. रागाने नाही. म्हणूनच मला फोन ठेवावा लागला.

तर काल मी त्याला मैदानावर नेलं. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. कदाचित वाटलं असेल, की जिथे त्याला सगळ्यात जास्त आठवतं तिथे मीही कुठेतरी असेन. मी एवढी वर्षं तिथेच उभी होते ना. काठ्यांचा भारा गॅरेजमधून काढून गाडीत टाकला. मैदानाच्या कडेला वॉटलची झाडं फुलून पिवळी झाली होती. त्या फुलांचा धुळकट वास, चिखलाचा वास, कुणीतरी पायाला चोळलेल्या मलमाचा वास. निखिलची टीम मोठ्या फरकाने मागे होती. डेक्लन रेषेवर जाऊन उभा राहिला आणि मला दिसलं, की त्याचे खांदे खाली आले. कितीतरी आठवड्यांत तो इतका शांत नव्हता. निखिल खेळाडूंकडे बघत त्याच्याशी बोलत होता. “सर, डावीकडून येतायत सारखे.” डेक्लन मान हलवत होता. मी बाजूला भारा धरून उभी होते, आणि वेड्यासारखी मनात एकच गोष्ट म्हणत होते. एकदा बघ. माझ्याकडे एकदा नीट बघ. तू ओळखलंस तर मी सोमवारी नाही म्हणेन. मग मला झोप नको, जेवण नको. तू फक्त ओळख.

दुसऱ्या हाफमध्ये लांबच्या कोपऱ्यात एकाची काठी मोडली. मुलाने हात वर केला. पाय आपणहून निघाले. मैदान ओलं होतं. पूर्वी मी जाऊन परत येईपर्यंत खेळ पुढे सरकलेला नसायचा. काल मी अजून निम्म्यातच होते आणि चेंडू दोनदा माझ्या डोक्यावरून गेला. कुणीतरी ओरडलं, “माइंड द लेडी!” काठी देऊन परत आले तेव्हा छाती फुटेल असं वाटत होतं. समोरचं हिरवं सगळं एकत्र होऊन तरंगत होतं. मी उरलेल्या काठ्या घट्ट धरून उभी राहिले, पडू नये म्हणून.

आणि डेक्लन माझ्याकडे बघत होता.

चेंडू मैदानात होता तरी तो माझ्याकडे बघत होता. कपाळावर आठी, डोळे बारीक. ती नजर मला पाठ होती.

तो निखिलकडे वळला. “ती बघ,” तो म्हणाला. “काठ्या घेऊन उभी आहे ती.”

“सर?”

“पाय संपलेत तिचे. मी मघापासून बघतोय. उभी आहे ती नुसती हट्टाने उभी आहे. तिला अजून बाहेर का नाही काढलंस?”

“बदली कुणी नाही का तुझ्याकडे?” डेक्लनने विचारलं.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारचा फोन त्याला माहीत होता. त्याचे डोळे भरले होते. “आहे सर,” तो म्हणाला. “बदली आहे.”

“मग?”

“अहो, मी ठीक आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “मला काही झालेलं नाही. मी खेळू शकते अजून.”

डेक्लन माझ्याजवळ आला. एवढ्या महिन्यांत तो आपणहून माझ्या इतक्या जवळ आला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. पण राग नव्हता, भीतीही नव्हती. फार वर्षांची सवय होती फक्त.

“सगळे तेच म्हणतात,” तो म्हणाला.

त्याने माझ्या हातांतल्या काठ्या एकेक करून काढून घेतल्या आणि गवतावर ठेवल्या. दंडाला धरून मला बाकापाशी नेलं आणि बसवलं. “छान खेळलीस,” म्हणाला, आणि वळून रेषेवर गेला. बाहेर काढलेल्या खेळाडूकडे मॅनेजर परत बघत नसतो. मॅच संपेपर्यंत त्याने बघितलं नाही. मी बसून राहिले. बाकावर माझ्या शेजारी कुणाची तरी बॅग होती, ओली जर्सी होती. मी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता, पण उठले नाही.

आज रविवार. तो खिडकीपाशी बसला आहे, बाहेर शेजाऱ्यांची मुलं सायकली फिरवत आहेत. मघाशी मी चहा दिला तर त्याने थँक यू म्हटलं, परक्या घरी म्हणतात तसं, आणि कप दोन्ही हातांनी धरला. इराला मी अजून फोन केलेला नाही. उद्या सकाळी त्या बाईंचा फोन येईल आणि मी हो म्हणेन. आजचा दिवस अजून आहे.